मुरुडचा उंबरठा

जून महिना उजाडला, की आपल्या वसतिगृहाच्या दारात पत्र्याच्या ट्रंका आणि वळकट्या दिसू लागतात. ट्रंकेवर नाव-गाव रंगवलेले असते. मुलाला पोहोचवायला आलेले वडील खोलीच्या दारातच उभे राहतात, कारण आत कुठे बसावे ते त्यांना कळत नाही. थोड्या वेळाने ते गाडीची वेळ झाली म्हणून निघतात आणि मुलगा प्रथमच एका परक्या खोलीत एकटा उरतो. सतरा-अठरा वर्षांचे वय, घर मागे पडलेले आणि पुढचे काहीच दिसत नाही, अशी ती स्थिती असते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे आपल्याआधी असे घराबाहेर पडलेले लोक कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले, याची मला सारखी उत्सुकता असते. या उत्सुकतेपोटी ज्यांचे चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचले, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी येथे लिहीत आहे.

महर्षींचे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. पांढरी दाढी, शंभर वर्षांचे आयुष्य, भारतरत्न, विधवांचा आश्रम एवढे आपल्याला पाठ असते. पण पांढऱ्या दाढीचा हा ऋषी एके काळी आपल्यासारखाच गावाकडचा, लाजराबुजरा, अंगाने किरकोळ असा विद्यार्थी होता, हे मात्र आपण विसरतो. मला या विद्यार्थ्याविषयीच अधिक सांगावयाचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या जवळ, मुरुड हे समुद्रकाठचे गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा, त्यांमधून जाणारी वाट, दुर्गादेवीचे देऊळ आणि पलीकडे समुद्र असे हे गाव. कर्वे घराणे येथले. धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे आजोळी झाला. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई, थोरले भाऊ भिकाजीपंत. घराण्याने पूर्वी चांगले दिवस पाहिले होते, परंतु धोंडोपंतांच्या वाट्याला आले ते ओढगस्तीचे दिवस. तरीही कुणापुढे हात पसरावयाचा नाही, हा आई-वडिलांचा बाणा होता. हाच बाणा मुलामध्येही उतरला. पुढे त्यांनी आयुष्यभर लोकांपुढे हात पसरला, पण तो स्वतःसाठी कधीच नाही.

मुरुडच्या शाळेत त्यांना सोमण नावाचे गुरुजी लाभले. या गुरुजींनी मुलांना पुस्तकांपलीकडचे जग दाखविले. गावाच्या कामात लक्ष घालावे, वर्तमानपत्र वाचावे, चार लोकांना वाचून दाखवावे, ही गोडी त्यांनी लावली. दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना लहानगा धोंडू वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. ज्या गावात अक्षर ओळखणारे थोडे, तेथे वाचून दाखविणारा मुलगा म्हणजे बाहेरच्या जगाकडे उघडणारी खिडकीच. आपल्या गावांतूनही अशी मुले असतात. पत्र आले की त्यांनाच बोलावणे येते. त्यांना फार लवकर कळते, की आपले शिक्षण हे आपल्या एकट्याचे नाही.

त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली, की शाळामास्तराची किंवा कारकुनाची नोकरी मिळे. गरीब घरातल्या मुलाच्या दृष्टीने तो मोठाच टप्पा होता. १८७५ साली धोंडोपंतांनी या परीक्षेला बसावयाचे ठरविले. परीक्षेसाठी साताऱ्यास जावयाचे होते. दिवस पावसाळ्याचे. बैलगाडीला पैसे नाहीत. तेव्हा सतरा वर्षांचा हा मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर पायीच निघाला. चिपळूणपर्यंतचा मुलूख, मग कुंभार्ली घाटाची चढण, कोयनेचे खोरे, पाटण आणि मग सातारा. शंभर मैलांच्या वरचा हा प्रवास. आज एस. टी. कुंभार्ली घाट चढू लागली, की आपण खिडकीतून दरीकडे पाहतो आणि डोळे मिटून घेतो. त्याच घाटातून पावसाचिखलात, वेळेवर पोहोचू की नाही या धास्तीने, ही मुले चालत गेली.

ती वेळेवर पोहोचली. पण पुढे जे घडले ते चालण्यापेक्षाही कठीण होते. परीक्षेला बसण्यास वयाची सतरा वर्षे पुरी असावी लागत. धोंडोपंतांना ती पुरी झाली होती आणि तसा दाखलाही त्यांच्याजवळ होता. परंतु मूर्ती लहान, चेहरा पोरगेलासा. परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखांना या मुलाचे वय सतरा आहे हे पटेना. हातात दाखला असूनही त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. शंभर मैल चालून आलेला मुलगा दारातून परत फिरला.

या प्रसंगावर आपण क्षणभर थांबले पाहिजे. चरित्रकार बहुधा येथून पुढच्या यशाकडे चटकन वळतात. मला मात्र त्या परतीच्या वाटेचा विचार सोडवत नाही. जाताना निदान आशा सोबतीला होती. येताना तोच घाट, तोच चिखल आणि घरी जाऊन सांगावयाचे काय, तर मी लहान दिसतो म्हणून मला परत पाठविले. नापास झाल्याचे दुःख निराळे. त्यात आपली काही चूक असते. येथे तर परीक्षाच झाली नव्हती. पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या मुलाला जगाने दाखविलेले हे पहिले तोंड. पुष्कळ मुलांचे शिक्षण अशाच एखाद्या दारापाशी संपते आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

धोंडोपंतांचे संपले नाही. पुढल्या वर्षी, १८७६ साली, ते कोल्हापूरला गेले आणि तेथून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. आता नोकरी धरावी आणि घराला हातभार लावावा, असेच कोणीही म्हणाले असते. शिवाय १८७३ सालीच, पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले होते. राधाबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. म्हणजे हा विद्यार्थी संसारीही होता. पण इंग्रजी शिकल्याशिवाय पुढचे जग उघडणार नाही, हे त्यांना उमगले होते. ज्या वयात मित्र मास्तर होऊन पगार आणू लागले, त्या वयात ते इंग्रजी मुळाक्षरांपाशी बसले.

त्यासाठी प्रथम ते रत्नागिरीच्या हायस्कुलात गेले. तेथे प्रकृतीने दगा दिला आणि घरी परतावे लागले. घराबाहेर पडण्याचा हाही प्रयत्न फसला. साताऱ्याहून एकदा परत, रत्नागिरीहून दुसऱ्यांदा परत. त्यानंतर मात्र त्यांनी मुंबईची वाट धरली. रॉबर्ट मनी स्कूलमध्ये नाव घातले आणि १८८१ साली मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. वर्गात आपण सर्वांहून थोराड दिसतो म्हणून संकोचणारे मित्र आपल्याकडे आहेत. त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जो मुलगा सतराव्या वर्षी फार लहान दिसला, तोच तेविसाव्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात मोठा ठरला. वय कोणते योग्य, हे ठरविणारे दुसरेच असतात. आपल्या हाती फक्त चालत राहणे असते.

मुंबईतले त्यांचे विद्यार्थीजीवन काटकसरीचे होते. शिकवण्या कराव्यात, त्यातून स्वतःचा खर्च भागवावा, घरी हातभार लावावा आणि उरलेल्या वेळात अभ्यास करावा, असा क्रम होता. मिळकतीतला लहानसा वाटा धर्मादाय कामासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी याच काळात लावून घेतली. ज्याला स्वतःलाच पुरत नाही त्याने दान कशाला करावे, असे व्यवहारी माणूस म्हणेल. पण ही सवय पैसे आल्यावर लावू म्हटले, तर ती कधीच लागत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. विल्सन कॉलेज आणि नंतर एल्फिन्स्टन कॉलेज करून, गणित हा विषय घेऊन, १८८४ साली ते बी. ए. झाले. त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधून पदवी घेणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखलेही होते. मुरुडहून साताऱ्यास पायी गेलेल्या मुलाला पदवीपर्यंत पोहोचावयास आणखी नऊ वर्षे लागली.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. घराबाहेर पडणाऱ्याची कहाणी सगळे सांगतात, घरी राहिलेल्यांची कोणी सांगत नाही. धोंडोपंत मुंबईत भूमितीचे सिद्धान्त सोडवीत असताना मुरुडला आई होती, वडीलबंधू घर सांभाळीत होते आणि राधाबाई सासरी कामाला जुंपलेल्या होत्या. थोरला मुलगा रघुनाथ १८८२ साली जन्मला, तेव्हा वडील अजून विद्यार्थीच होते. एकाच्या शिक्षणासाठी घरातल्या तिघा-चौघांनी आपले आयुष्य थोडे थोडे मागे सारलेले असते. आपल्यासाठीही कुणीतरी तसे केलेले आहे. वसतिगृहाची फी भरल्याची पावती आपण जपून ठेवतो. पण ती फी कुठल्या वस्तूच्या मोडीतून आली, कुणाची शाळा त्यामुळे थांबली, हे पावतीवर लिहिलेले नसते.

पदवी मिळाल्यावर धोंडोपंत मुंबईत मुलींच्या शाळांतून गणित शिकवू लागले. राधाबाईही मुंबईस आल्या. देवरुखचे नरहरपंत जोशी हे त्यांचे जवळचे मित्र. दोघांनी मिळून एकत्र बिऱ्हाड केले. या नरहरपंतांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत ती विधवा झाली. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तिचे आयुष्य समाजाने संपवून टाकले होते. भाऊ तिला शिकावयास मुंबईला घेऊन आला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. सदन पुण्यास हलले, तशा त्याही पुण्यास गेल्या. म्हणजे या कथेत घराबाहेर पडलेले विद्यार्थी दोन आहेत. एक मुलगा, ज्याला घरच्यांनी आशेने निरोप दिला. आणि एक मुलगी, जिला घरात ठेवून करावयाचे काय, हाच समाजापुढचा प्रश्न होता.

१८९१ हे वर्ष धोंडोपंतांच्या आयुष्यात दुःख आणि बदल दोन्ही घेऊन आले. त्या वर्षी राधाबाई वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोखल्यांच्या आग्रहावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. लोकमान्य टिळक तेथून बाहेर पडल्यामुळे गणिताची जागा मोकळी होती. आता वय तेहतीस, नोकरी चांगली, नाव झालेले. रीतीप्रमाणे दहा-बारा वर्षांची एखादी मुलगी पाहून दुसरे लग्न करावे, एवढेच समाजाला अपेक्षित होते. धोंडोपंतांनी ते नाकारले. लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांना बाया म्हणत.

लग्नानंतर ही दोघे मुरुडला गेली, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्रातला सर्वांत कठीण प्रसंग येथेच आहे. गावकऱ्यांची सभा भरली. धोंडोपंतांवर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला. जो कोणी त्यांना घरात घेईल, त्याच्यावरही बहिष्कार पडणार होता. म्हणजे भिकाजीपंतांनी सख्ख्या भावाला घरी उतरविले, तर भिकाजीपंतांचे घर वाळीत. आईने मुलाला ओसरीवर जेवू घातले, तर आई वाळीत. ज्या गावच्या देवळात या मुलाने वर्तमानपत्र वाचून दाखविले, ज्या गावाच्या कामासाठी त्याने बाहेर राहणाऱ्या मुरुडकरांकडून पैसे जमवून मुरुड फंड उभा केला, त्याच गावाने त्याच्या घराचा उंबरठा त्याला बंद केला.

सोळाव्या-सतराव्या वर्षी आपण घर सोडतो, तेव्हा मनाच्या तळाशी एक खात्री असते. कितीही हाल झाले, तरी दिवाळीला परत जाता येईल; आई दारात उभी असेल. धोंडोपंतांनी साताऱ्याहून परतताना, रत्नागिरीहून आजारी होऊन परतताना हेच दार गाठले होते. पस्तिसाव्या वर्षी तेच दार बंद झाले, आणि ते बंद करणारी आई नव्हती, भाऊ नव्हता, गाव होते. आई आत होती आणि मुलाला आत घेऊ शकत नव्हती. शिकून मोठे होण्याची एवढी किंमत द्यावी लागेल, असे घाट चढताना त्या मुलाला वाटले असेल काय?

या अपमानाला धोंडोपंतांनी दिलेले उत्तर आपल्या ओळखीचे नाही. त्यांनी गावाविरुद्ध लेख लिहिले नाहीत, भांडणे केली नाहीत, गावाशी असलेले नातेही तोडून टाकले नाही. १८९३ सालीच त्यांनी विधवाविवाहाला साहाय्य करणारी मंडळी स्थापन केली. परंतु काम करता करता त्यांच्या ध्यानात आले, की विवाह हे प्रत्येक विधवेच्या प्रश्नाचे उत्तर नाही. हजारो मुली अशा आहेत, की ज्यांना आधी स्वतःच्या पायावर उभे राहावयास हवे, आणि त्यासाठी घराबाहेर राहून शिकता येईल अशी सुरक्षित जागा हवी. १४ जून १८९६ रोजी त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. स्वतःची पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरी बायको होती, मुले होती. बायांना याचा राग आला तो समजण्यासारखाच आहे. संसाराची ओढाताण सोसून, लोकांची बोलणी ऐकून त्या मात्र अखेरपर्यंत बरोबर राहिल्या. त्यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र आपल्यापैकी प्रत्येकाने महर्षींच्या 'आत्मवृत्ता'च्या शेजारी ठेवून वाचावे.

पुढे पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि शहरात आश्रम चालविणे अशक्य झाले. गोखले आडनावाच्या एका उदार गृहस्थांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. तेथे एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम त्या माळावर गेला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तेथे पाय ठेवावयास जागा नसते. तेव्हा तेथे रान होते. धोंडोपंत दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि संध्याकाळी चालत हिंगण्यास जाऊन मुलींना शिकवीत. वाट चिखलाची, पावसाळ्यात पाण्याने भरलेली, बरोबर सामानाचे ओझे. साताऱ्याच्या वाटेवर सतराव्या वर्षी सुरू झालेले त्यांचे चालणे अशा रीतीने चालूच राहिले. फरक एवढाच, की तेव्हा ते स्वतःच्या शिक्षणासाठी चालत होते, आता दुसऱ्यांच्या.

या झोपडीत आलेल्यांपैकी पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण मोठे बोलके आहे. त्या बायांच्या धाकट्या बहीण. विशीत वैधव्य आलेले, पदरात लहान मुलगा, केशवपन झालेले. लिहिणे-वाचणे शिकावयास त्या बसल्या, तेव्हा मुलीचे वय केव्हाच मागे पडले होते. त्या शिकल्या, आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमविली आणि पुढे इंग्रजीचे जेमतेम ज्ञान असताना आश्रमासाठी निधी जमविण्याकरिता थेट अमेरिकेस जाऊन आल्या. कोकणातल्या एका घराच्या माजघरात आयुष्य संपणार होते, ती बाई समुद्र ओलांडून गेली. घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

तरीही श्रद्धेपोटी एक गोष्ट लपवू नये. आरंभीच्या काळात या आश्रमातील स्त्रिया मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या होत्या. आश्रमाला लोकांचा विरोध वाढू नये, म्हणून महर्षींनी विधवाविवाहाचे कामही त्यापासून वेगळे ठेवले. त्यांच्या आधी अर्धे शतक, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती आणि तिचे दार शूद्रातिशूद्रांना उघडे होते. माझ्यासारख्याची पणजी तेव्हा हिंगण्याच्या दाराशी गेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तो मी टाळू शकलो नाही. उत्तर सुखावह नाही. मात्र महर्षी तेथेच थांबले नाहीत, हेही तितकेच खरे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी दारोदार फिरून पै-पैसा गोळा केला. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, माणसामाणसांतील भेद नाहीसे व्हावेत म्हणून त्यांनी समता संघ काढला. आपल्या कामाची वेस अपुरी आहे हे उतारवयात ओळखून ती रुंदावणारी माणसे थोडी असतात.

आणि ज्या साताऱ्याने त्यांना परीक्षेच्या दारातून परत पाठविले, त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. खेड्यांतून चालत आलेल्या मुलांना तेथे दार उघडे मिळाले. महर्षींचा आणि या बोर्डिंगचा थेट संबंध नाही. पण कुंभार्ली घाटातून उतरलेल्या त्या मुलाला जे मिळाले नाही, ते पन्नास वर्षांनी त्याच गावात दुसऱ्या मुलांना मिळाले, याचे मला समाधान वाटते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९१४ साली महर्षी फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांच्या मनात भारतातही तसे विद्यापीठ काढण्याचा विचार आला. १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी ते काढले. तेथे मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार केलेला होता, ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास केला. थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी समाजाचा रोष पत्करला. रूढ वाट सोडण्याचे वळण त्या घरात एकापुरते राहिले नाही. १९५५ साली महर्षींना पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

एवढ्या मोठ्या आयुष्यातून मी काय घ्यावे, असा विचार करतो तेव्हा मला भारतरत्न आठवत नाही. मला तीन दारे आठवतात. पहिले साताऱ्याचे, जेथे खरा दाखला हातात असताना एका मुलाला परत पाठविले गेले. दुसरे मुरुडचे, जेथे आई आत असताना मुलगा बाहेर राहिला. आणि तिसरे हिंगण्याच्या झोपडीचे. पहिली दोन दारे दुसऱ्यांनी बंद केली. तिसरे त्यांनी स्वतः बांधले, ते उघडे ठेवण्यासाठी. ज्याला दारातून परत फिरावे लागले आहे, तो पुष्कळदा मोठेपणी दुसऱ्यांनाही परत फिरविण्यात समाधान मानतो. महर्षींच्या थोरवीचे मर्म मला यात दिसते, की त्यांनी तसे केले नाही.

आपण शिकावयास म्हणून घर सोडून आलो आहोत. परीक्षा होतील, पदव्या मिळतील, कुणी मास्तर होईल, कुणी कारकून, कुणी साहेब. शिकल्यामुळे गावाला आपली भाषा परकी वाटेल आणि आपल्याला गावाची. कदाचित एखाद्या प्रश्नावर घराचा उंबरठाही आपल्याला काही काळ बंद होईल. तेव्हा कडवट व्हावयाचे की आपल्या मागून येणाऱ्यासाठी एखादी झोपडी बांधावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. गेल्या जूनमध्ये माझ्या समोरच्या खोलीत नवा मुलगा आला. त्याचे वडीलही दारातच उभे होते. मी त्यांना आत बोलावले, खाटेवर बसविले आणि पाणी दिले. त्यात विशेष काहीच नाही. पण माझे वडील परतले त्या दिवशी त्यांना बसा म्हणणारे कोणी नव्हते, एवढे मला आठवले.